वाचकांचे प्रश्न : एक फोन आणि ५८ उत्तरे

शाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. वर्गात तंत्रज्ञान आणायचे आहे, पैसे नाहीत किंवा अगदी बेताचे आहेत, आणि मुलांचे लक्ष तर टिकवायचे आहे. मुंबईतल्या सहा वाचकांच्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी विक्रोळीतील एका अनुदानित मराठी शाळेत सातवीला गणित शिकवते. वर्गाचा पट ५८ आहे. मुलांना शाळेत फोन आणण्याची परवानगी नाही आणि ती नसावी, असेच माझेही मत आहे. वर्गात प्रोजेक्टर नाही. माझा स्वतःचा स्मार्टफोन तेवढा आहे. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरची ठरावीक पाच-सहा मुले हात वर करतात आणि बाकीची नुसती बघत बसतात. एवढ्याशा सामग्रीवर काही करता येईल का?

उत्तर : येईल, आणि तुमच्याजवळ आहे तेवढी सामग्री त्याला पुरेशी आहे. तुमची अडचण मुलांचे लक्ष नसण्याची कमी आणि उत्तर देण्याची जबाबदारी पाच-सहा मुलांनीच उचलण्याची अधिक आहे. तेव्हा ५८ पैकी प्रत्येकाला, दर वेळी, उत्तर द्यावेच लागेल अशी व्यवस्था करायला हवी.

‘प्लिकर्स’ नावाच्या ॲपची रचना नेमकी याच गरजेतून झाली; ती कॅलिफोर्नियातील एका गणित शिक्षकाची कल्पना. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेले एक कार्ड द्यायचे. कार्डावर काळी-पांढरी चौकोनी आकृती असते, प्रत्येक कार्डाची आकृती निराळी असते आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे बारीक टंकात छापलेली असतात. ज्या मुलाचे उत्तर ‘बी’ आहे त्याने ‘बी’ची बाजू वर येईल असे कार्ड धरायचे. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवलात की कोणी काय उत्तर दिले हे फोनच्या पडद्यावर उमटत जाते. आकृत्या वेगवेगळ्या आणि अक्षरे बारीक असल्यामुळे शेजारच्याचे पाहून उत्तर देण्याची सोय उरत नाही. मागच्या बाकावरच्या लाजऱ्या मुलाला हे फार सोयीचे पडते, कारण त्याचे चुकलेले उत्तर फक्त तुम्हाला दिसते. मोठ्या संचात ६३ कार्डे मिळतात, म्हणजे तुमचा पट त्यात बसतो. कार्डे जाड कागदावर छापून घ्या, मात्र चकचकीत लॅमिनेशन करू नका, कारण ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. कार्डाचा क्रमांक आणि हजेरीपटावरचा क्रमांक एकच ठेवा, आणि ॲपमध्ये मुलांची नावे न भरता केवळ क्रमांक भरा. फुकट खात्यावर काही मर्यादा असतात, पण तासाला दोन-तीन प्रश्न विचारण्यासाठी त्या आड येत नाहीत.

खरे काम यानंतरचे आहे, आणि ते फोन करून देत नाही. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या चुकांमधून आलेले असले पाहिजेत. दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. ‘०.३७५, ०.४५ आणि ०.६ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ असे विचारले, तर जे मूल दशांशचिन्हापुढचे आकडे पूर्णांकासारखे वाचते ते ३७५ हा आकडा पाहून ०.३७५ निवडते. ते लगेच लक्षात येईल. पण वर्गात आणखी एक गट असतो, ज्याची समजूत अशी की जितके अंक जास्त तितके तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. हा गट ०.६ हे बरोबर उत्तर देतो आणि त्याचे कारण मात्र चुकीचे असते. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा : ‘०.३ आणि ०.४२१ यांत मोठी संख्या कोणती?’ मघाशी बरोबर असलेली काही कार्डे आता ०.३ कडे वळलेली दिसतील. असे दोन प्रश्न तयार करायला एक संध्याकाळ लागते, पण ते पुढे वर्षानुवर्षे वापरता येतात.

उत्तरे दिसली म्हणून लगेच बरोबर उत्तर सांगून टाकू नका. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत इथे उपयोगी पडते. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे; साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालू द्यायचा आणि मग पुन्हा कार्डे वर करायला सांगायचे. ३० टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर असतील तर चर्चेचा उपयोग नाही, तो भाग पुन्हा शिकवावा लागतो. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जावे. त्या दोन मिनिटांत वर्गात गोंगाट होईल. शेजारच्या वर्गावरील शिक्षकांना आधी कल्पना देऊन ठेवलेली बरी.

ज्या दिवशी नेट नसेल किंवा फोनची बॅटरी उतरली असेल, त्या दिवशी पाटी वापरा. पाटी नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कोरा कागद घातला की त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने लिहिता आणि फडक्याने पुसता येते. ‘तीनपर्यंत मोजते, मग सगळ्यांनी एकदम वर करा’ एवढा नियम पाळला की कार्डांचे निम्मे काम तीच करते. शिवाय रीत लिहून दाखवायची असेल तेव्हा पाटी कार्डापेक्षा सरस ठरते.

प्रश्न : मी दादरच्या एका शाळेत नव्यानेच रुजू झालो आहे. संगणक कक्षात ‘कहूट’ या ऑनलाइन खेळावरील प्रश्नमंजूषा घेतली की मुले अक्षरशः बाकांवर उड्या मारतात, पण दुसऱ्या आठवड्यात तोच प्रश्न वहीत विचारला तर अनेकांना येत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुमचे चुकत नाही, खेळाची रचनाच तशी आहे. ‘कहूट’मध्ये सर्वसाधारणपणे लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात, त्यामुळे विचार करणाऱ्या मुलापेक्षा चटकन बोट दाबणारे मूल वर राहते, आणि पडद्यावर नावांचा क्रम सतत दिसत असल्यामुळे सगळ्यांचे लक्ष प्रश्नाऐवजी त्या यादीकडे जाते. प्रत्येक प्रश्नाला द्यायचा वेळ जितका वाढवता येईल तितका वाढवा आणि एका संगणकावर तीन मुलांचा गट बसवा, म्हणजे बोट दाबण्यापूर्वी त्यांना आपापसांत बोलावे लागेल. शिवाय त्याच प्रश्नांपैकी दोन पुढच्या आठवड्यात आणि दोन पुढच्या महिन्यात, कुठलाही गाजावाजा न करता, फळ्यावर लिहून पुन्हा विचारा. काही काळ गेल्यावर आठवण्याचा प्रयत्न करावा लागला की लक्षात राहते. उड्या मारल्याने राहत नाही. उड्यांनाही माझी हरकत नाही, शनिवारच्या शेवटच्या तासाला त्या शोभून दिसतात.

प्रश्न : मी परळमधील एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. माजी विद्यार्थ्यांनी एका वर्गासाठी ४३ इंची स्मार्ट टीव्ही देऊ केला आहे. काही जण म्हणतात त्याच पैशात प्रोजेक्टर घ्या. आमची इमारत सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत वापरली जाते. काय घ्यावे?

उत्तर : निर्णयापूर्वी एक मोजपट्टी घेऊन वर्गात जावे. पडद्यावरचा मजकूर वाचायचा असेल तर शेवटच्या विद्यार्थ्याचे अंतर पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापटीपेक्षा जास्त असू नये, असा दृक्श्राव्य क्षेत्रातील एक जुना ठोकताळा आहे. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटीमीटर भरते. तिची सहापट म्हणजे जेमतेम सव्वातीन मीटर. आपल्याकडचे वर्ग सात-आठ मीटर लांब असतात. म्हणजे चौथ्या बाकापलीकडच्या मुलांना चित्र हलताना दिसेल, पण आकृतीवरची नावे वाचता येणार नाहीत, आणि नेमकी तीच मुले अशीही दुर्लक्षित असतात. ६५ इंची टीव्ही घेतला तरी ही मर्यादा पाच मीटरच्या आतच राहते. त्यामुळे पूर्ण वर्गासाठी माझे मत प्रोजेक्टरच्या बाजूने आहे. ४३ इंची टीव्ही पंधरा-वीस मुलांच्या गटासाठी, उदाहरणार्थ वाचनालयाच्या खोलीत, उत्तम चालेल.

प्रोजेक्टर घेताना उजेडाचा आकडा ‘एएनएसआय ल्यूमेन’ या मापात विचारावा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या चिमुकल्या प्रोजेक्टरांच्या खोक्यांवर हजारोंचे आकडे छापलेले असतात, पण ते या मापातले असतातच असे नाही, आणि दुपारी बाराच्या उन्हात असे यंत्र भिंतीवर फिकट धुके पाडते. खिडक्यांना साधे जाड पडदे लावून ३००० एएनएसआय ल्यूमेनच्या आसपासचे यंत्र पुरावे. पांढऱ्या पडद्यावर वेगळा खर्च करू नये. सपाट भिंतीला मॅट पांढरा रंग दिला की झाले.

दात्यांना न सुचणाऱ्या, पण ज्यांच्यावाचून सगळे अडते अशा दोन वस्तूंसाठी थोडे पैसे मागून घ्यावेत. एक म्हणजे बरा स्पीकर, कारण पंख्यांच्या घरघरीत प्रोजेक्टरचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे पोहोचत नाही. (गणेशोत्सव मंडळाकडे स्पीकर असतोच, पण तो वर्गात लावण्याच्या आकाराचा नसतो.) दुसरी म्हणजे जुना का होईना, एचडीएमआय जोडणी असलेला लॅपटॉप, कारण फोन थेट तारेने जोडू म्हटले तर स्वस्त फोनांपैकी बहुतेकांच्या यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर पडतच नाही. दोन सत्रांची इमारत असल्यामुळे यंत्र कोणाच्या ताब्यात, किल्ली कोणाकडे आणि पावसाळ्यात दमटपणापासून ते कुठे ठेवायचे, हे दोन्ही सत्रांच्या शिक्षकांना बसवून खरेदीआधीच ठरवावे. कपाटात कुलूपबंद पडलेले यंत्र सर्वांत महाग पडते.

प्रश्न : मी भांडुपमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतील निम्मी उपकरणे मोडली आहेत. फोनचा प्रयोगासाठी उपयोग करता येतो असे ऐकले. एखादा प्रयोग सविस्तर सांगाल का?

उत्तर : तुमच्या फोनमध्ये त्वरण मोजणारा संवेदक आणि मायक्रोफोन आहेतच, बहुतेक फोनांत चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदकही असतो. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य ॲप या संवेदकांचे आकडे थेट दाखवते आणि एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही. ध्वनीच्या पाठासाठी त्यातील ‘ध्वनीवर चालणारे स्टॉपवॉच’ वापरून हवेतील ध्वनीचा वेग काढता येतो. दोन फोन हवेत. एक तुमचा आणि एक सहकाऱ्याकडून तासापुरता मागून घेतलेला.

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात टेपने १५ मीटर अंतर मोजा आणि दोन टोकांना एकेक फोन ठेवा. दोन्ही स्टॉपवॉच असे लावा की पहिला मोठा आवाज ऐकताच ते सुरू होतील आणि दुसरा ऐकताच थांबतील. पहिल्या टोकाच्या मुलीने डस्टर लाकडी फळीवर आपटायचे. तिचा फोन तत्काळ सुरू होतो. दुसरा फोन आवाज तिथवर पोहोचल्यावर, किंचित उशिरा, सुरू होतो. मग दुसऱ्या टोकाच्या मुलाने तसेच डस्टर आपटायचे. त्याचा फोन लगेच थांबतो, पहिला थोड्या उशिराने. याचा अर्थ दोन फोनांवरील वेळांमधला फरक म्हणजे ध्वनीला १५ मीटर जायला आणि १५ मीटर यायला, म्हणजे एकूण ३० मीटरला, लागलेला वेळ. दोन आपटण्यांमध्ये किती सेकंद गेले याला महत्त्व उरत नाही, आणि मुलांना हे पटायला थोडा वेळ लागतो. तो अवश्य द्या, कारण प्रयोगाचा गाभा तिथेच आहे.

मुंबईच्या ३० अंश सेल्सिअस हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, त्यामुळे हा फरक ०.०८६ सेकंदाच्या जवळपास यायला हवा. एका हजारांश सेकंदाची चूक झाली तर उत्तर साधारण चार मीटरने सरकते. हेच अंतर १५ ऐवजी ५ मीटर ठेवले तर तेवढीच चूक उत्तरात सुमारे बारा मीटरचा फरक पाडते. दोन्ही अंतरांवर प्रयोग करून मोजमापातील चूक म्हणजे काय हे मुलांनाच ताडू द्या. लोकलचा किंवा पंख्याचा आवाज फोनला आपटल्यासारखा वाटू नये म्हणून ॲपमधील आवाजाची मर्यादा वाढवून ठेवावी लागते. भांडुपला रुळांजवळ शाळा असेल तर गाडी जाईपर्यंत थांबणे उत्तम.

विद्युत परिपथासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ अनुरूपणे, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, वापरा. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातील अनेक अनुरूपणे मराठीत उपलब्ध आहेत आणि लॅपटॉपवर उतरवून घेऊन नेटशिवाय चालवता येतात. मात्र कळ दाबण्यापूर्वी ‘दुसरा दिवा लावल्यावर पहिल्याचा उजेड वाढेल, कमी होईल की तसाच राहील?’ याचे उत्तर प्रत्येकाला वहीत लिहायला लावा, नाहीतर ते नुसते बघण्याचे होते. सूक्ष्मदर्शक मोडला असेल तर स्टॅनफर्डचे मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला, घडी घालून तयार होणारा कागदी ‘फोल्डस्कोप’ मागवा. सुमारे १४० पट मोठे दाखवतो; कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी त्यात स्वच्छ दिसतात आणि फोनचा कॅमेरा जोडला की सगळ्या वर्गाला दाखवता येतात. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुमच्यापासून फार लांब नाही. शालेय विज्ञान कसे शिकवावे यावरच तिथे काम चालते, तेव्हा संपर्क ठेवावा.

प्रश्न : मी गोवंडीत राहतो. माझी मुले पाचवीत आणि आठवीत आहेत. दोघांच्याही शिक्षिका अभ्यासाचे व्हिडिओ व्हॉट्सॲप गटावर पाठवतात. घरात एकच फोन आहे आणि तो कामावर जाताना मला न्यावा लागतो. रात्री नऊनंतर मुलांनी व्हिडिओ बघावेत काय? तक्रार करावी तर मुलांवर राग निघेल अशी भीती वाटते.

उत्तर : आपली अडचण रास्त आहे आणि ती एकट्याची नाही. ज्या गृहपाठासाठी फोन अनिवार्य असतो, तो काही मुलांपुरता बंदच झालेला असतो. तंत्रज्ञानाची जागा वर्गात, शिक्षिकेच्या हातात आहे. घरी जायचे ते वही आणि पुस्तक. पालकसभेत तक्रारीच्या सुरात न बोलता इतर दोन-तीन पालकांना बरोबर घेऊन ‘व्हिडिओ वर्गातच दाखवता आला तर बरे होईल, आमच्याकडे फोन संध्याकाळी उशिरा येतो’ एवढे म्हणावे. बहुतेक शिक्षिकांना घरची ही स्थिती ठाऊकच नसते.

तोपर्यंत एक सोय करता येईल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० चे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. आता बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड असतात आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपने ते उघडतात. दीक्षावरील साहित्य रविवारी एकदाच उतरवून ठेवता येते, म्हणजे रोजचा डेटा खर्च होत नाही. रात्री नऊनंतर मात्र व्हिडिओऐवजी झोप असावी, असे मला वाटते.

गटावर मुलांचे फोटो आणि गुण टाकले जात असतील तर त्याला नम्रपणे हरकत घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, कोणाच्या मुलाला किती गुण पडले हे साठ घरांनी पाहण्याचे कारण नाही.

प्रश्न : चेंबूरच्या आमच्या शाळेत दहा जुने संगणक आहेत. त्यांवर विंडोज ११ चालत नाही आणि इंटरनेट सारखे जाते. भंगारात काढावेत का?

उत्तर : इतक्यात नको. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे. पण त्या संगणकांवर ‘लुबुंटू’सारखी हलकी, विनामूल्य लिनक्स प्रणाली घालता येते आणि लिहिणे, तक्ते करणे, भूमितीच्या आकृत्या काढणे ही कामे तिच्यावर व्यवस्थित होतात. दहांपैकी सर्वांत बऱ्या संगणकावर ‘कोलिब्री’ किंवा ‘किविक्स’ बसवा. कोलिब्रीत पाठ आणि सराव-प्रश्न भरून ठेवता येतात, तर किविक्समध्ये १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया साठवता येतो. साध्या राउटरने उरलेले नऊ संगणक त्याला जोडले की बाहेरचे इंटरनेट नसतानाही मुले हे सगळे उघडू शकतात.

सुरू करताना दर वेळी तारीख चुकीची दाखवणारे संगणक बिघडलेले समजू नका. आतील नाण्याएवढा ‘सीआर २०३२’ सेल संपलेला असतो. तो कोणत्याही घड्याळवाल्याकडे अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि तारीख चुकल्यामुळे न उघडणारी संकेतस्थळेही तो बदलल्यावर उघडू लागतात. ज्यांचे मदरबोर्डच गेले आहेत त्यांची मेमरी आणि हार्ड डिस्क काढून चालू संगणकांत घाला, आणि उरलेला सांगाडा रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात पावती घेऊन द्या, म्हणजे शाळेच्या जडवस्तू नोंदवहीतून तो कमी करताना अडचण येणार नाही.